रोज एक पान शुद्धलेखन: त्यातून मुलं शिकतात काय?

ओसरी (धागाकर्ती), रविवार रात्री

लेक चौथीत आहे, मराठी माध्यम. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून शाळेने रोज एक पान शुद्धलेखन दिलंय, एकूण वीस पानं. वहीही शाळेचीच. वर छापील लेबल: नाव, इयत्ता, विषय – शुध्दलेखन. ध अर्धा आणि द पूर्ण. म्हटलं, सुरुवात तर झोकात झाली.

आत मात्र सगळं नीटनेटकं. समास आखलेला, वर तारीख, पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवलेला. त्यात 'दूध' हा शब्द चारदा आला होता आणि चारही वेळा बरोबर होता. त्याच संध्याकाळी तिला म्हटलं, आपण उद्या गावाला निघतोय, दूधवाल्या काकांसाठी दाराला चिठ्ठी लावून ठेव. तिने लिहिलं:

'काका, उद्यापासुन चार दिवस दुध नको. आम्हि गावाला जाणार आहोत.'

मी म्हटलं, अगं, तासाभरापूर्वी चारदा 'दूध' बरोबर लिहिलंस ना? तर म्हणते, "आई, ते शुद्धलेखन होतं. ही चिठ्ठी आहे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. चिठ्ठी तशीच लावली, काकांना काय ते कळलं. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे रोजचं पान नक्की कशासाठी? इथे शिक्षक मंडळी आहेत, त्यांनी सांगावं. आणि कृपया 'मराठी वाचवा' या गाडीत बसू नका, ती दुसऱ्या धाग्यावरून सुटते.

तिरकस_तात्या

आमच्या वेळी चुकलेला शब्द पन्नासदा लिहावा लागायचा, हातावर पट्टी बसायची ती वेगळीच. आज अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा लग्नाची निमंत्रण पत्रीका हातात पडली की मी आधी 'आर्शिवाद' शोधतो, आणि तो सापडतो. आता मास्तरांचा धाक उरला नाही, म्हणून ही गत.

चिंचोका

तात्या, पत्रिका. पहिली वेलांटी. पन्नासदा लिहा, पट्टी मी आणतो. (हलकं घ्या.)

तिरकस_तात्या

तो मोबाइल परस्पर बदलतो हो. मी बरोबरच टाइप केलं होतं.

खडूची_भुकटी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिसरी-चौथीचा जोडवर्ग. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मीही रोज एक पान देत होते, आणि तपासताना फक्त पान भरलंय का एवढंच बघत होते. खोटं कशाला बोलू?

शुद्धलेखन या एका नावाखाली आपण तीन निरनिराळी कामं कोंबली आहेत. बघून उतरवायचं ते अनुलेखन. ऐकून लिहायचं ते श्रुतलेखन. आणि स्वतःच्या मनातलं लिहिताना शब्द नेमका उमटला पाहिजे, हे तिसरं, ज्याला वेळापत्रकात तासच नाही. तुमच्या लेकीने पहिलं काम चोख केलं. चिठ्ठी हे तिसरं काम होतं.

उतरवताना मूल काय करतं ते एकदा शेजारी बसून बघा. 'दू' बघितलं, लिहिलं. परत पुस्तकात मान, 'ध' बघितलं, लिहिलं. शब्द म्हणून तो डोक्यातून गेलाच नाही, डोळ्यातून हातात उतरला. 'चुकलेला शब्द दहादा लिही' या शिक्षेची तर मजाच आहे. माझ्या वर्गातला एक गडी आधी उभ्या ओळीत दहा वेळा 'दू' लिहायचा आणि मग खाली उतरत दहा वेळा 'ध'. विचारलं तर म्हणाला, "बाई, असं लवकर होतं." त्याचं बरोबरच होतं. मी त्याला 'दूध' शिकवतच नव्हते, दहाचा आकडा भरून घेत होते.

मग एका वर्षी सहामाहीनंतर मुलांच्या निबंधांतल्या चुकांवर लाल पेन न मारता त्या सगळ्या एका वहीत उतरवल्या आणि गटागटाने लावल्या. सगळ्यात मोठा गट वेलांटी-उकाराचा. दुसरा न-ण. तिसरा रफार आणि जोडाक्षरांचा ('आर्शिवाद' याच घरातला, तात्या). चौथा शब्द तोडण्याचा: 'घरा समोर', 'माझ्या कडे', 'शाळे पर्यंत'. चारही गटांची कारणं वेगळी. तापाला, खोकल्याला आणि पाय मुरगळल्याला एकच गोळी द्यावी तसं ते रोजचं पान.

वेलांटी-उकाराचं काय केलं ते सांगते, कारण चिठ्ठीतल्या तिन्ही चुका त्याच आहेत. फळ्यावर दोन रकाने केले आणि मुलांना स्वयंपाकघरात नेलं, म्हणजे मनाने. काय काय असतं सांगा. तूप, गूळ, मीठ, पीठ, दूध, चूल. हे डाव्या रकान्यात. उजवीकडे त्याच शब्दांना काहीतरी जोडायचं. तुपात, गुळाची पोळी, मिठाची बरणी, पिठाचा डबा, दुधावरची साय, चुलीवर. आणि मग लिहायचं नाही, नुसतं म्हणायचं. सगळ्या वर्गाने. तूप, तुपात. गूळ, गुळाची. पाचव्या-सहाव्या जोडीला मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, शब्दाला शेपूट लागलं की आतला उकार आखडतो."

शुद्धलेखनाच्या अठरा नियमांच्या परिपत्रकातून मला जे कधी सांगता आलं नाही ते तिने एका वाक्यात सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात त्याला 'शेपटाचा नियम' म्हणतात.

आता आमच्या भिंतीवर एवढंच लिहिलंय. शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार आला तर दुसरा: आम्ही, पाणी, वाळू, चिठ्ठी. ('आणि', 'नि' सोडून. त्यांची वेगळी पाटी आहे.) शेवटचं अक्षर मोकळं असेल, म्हणजे त्याला काना-मात्रा काही नसेल, तर त्याच्या आधीचाही दुसरा: दूध, गरीब, विहीर, पासून. पण डोक्यावर टिंब असेल किंवा लगेच पुढे जोडाक्षर असेल तर पहिला: चिंच, उंट, शिस्त. बाकी सगळीकडे पहिला: किडा, विळी, महिना, पाहुणा, विहिरीत. घरात बोलले जाणारे शब्द बहुतेक यात बसतात.

बसत नाहीत ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. त्यांना वर्गात आम्ही 'पाहुणे' म्हणतो. पाहुण्यांना आपल्या घरचे नियम लावायचे नाहीत, त्यांचे त्यांचे असतात. गुण, विष, मंदिर, मधुर यांत शेवटचं अक्षर मोकळं असूनही पहिलाच. उलट शरीर, गीत, रूप यांना शेपूट लावलं तरी आखडत नाहीत: शरीरात, गीतात, रूपाने. नवा पाहुणा धड्यात भेटला की मुलं त्याला यादीत घालतात. त्याचं पाठांतर करावं लागतं हे मी मान्य करते, पण ते थोडक्या शब्दांचं, अख्ख्या भाषेचं नाही.

आणखी एक. एका आठवड्यात एकाच गटाच्या चुका खुणावते. न-णच्या आठवड्यात वेलांटी चुकली तरी पेन उचलत नाही. पालकसभेत यावरून मला बोलणी बसली आहेत, "बाईंना चुका दिसत नाहीत" म्हणून. बसू देत.

नीरक्षीर

खडूताई, दंडवत. प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. फक्त एक खुसपट काढल्याशिवाय राहवत नाही: तुमच्या विद्यार्थिनीचं 'शेपूट'च नियमाला चकवा देतंय. शेपूट – शेपटाला. उकार आखडत नाही, पार गायब होतो. लाकूड – लाकडाला, माणूस – माणसाला, बेरीज – बेरजेला तसंच. तीन अक्षरी शब्द आणि पहिलं अक्षर दीर्घ असेल तर मधल्या ई-ऊचा अ होतो. यालाही नियम आहे, आणि गंमत म्हणजे तो कोणालाही शिकवावा लागत नाही. 'माणुसाला' असं कोणतंच मूल लिहीत नाही, कारण कोणी तसं बोलत नाही.

मुद्दा तोच आहे. मराठी माणसाला ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. येतो की! फक्त आपल्या भाषेत तो अर्थ बदलत नाही, जागेवरून ठरतो, म्हणून लक्ष जात नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांचा मोठा भाग म्हणजे याच उच्चाराची नोंद आहे. अडचण होते ती संस्कृत शब्दांना मूळ रूपात ठेवल्यामुळे. म्हणून आपल्या ठरलेल्या चुका बघा: 'पुजा', 'क्रिडा', 'परिक्षा', 'प्रतिक्षा', 'शरिरात'. यांत गलथानपणा कमी आहे. 'किडा', 'महिना', 'विहिरीत' ज्या नियमाने बरोबर, त्याच नियमाने हे शब्द लिहिले गेलेत. मराठी कानाने संस्कृत शब्द मराठी करून टाकला, आणि आपण त्यावर लाल फुली मारली.

थोडा इतिहासही, कारण 'आमच्या वेळी' हा शब्द वर आलाय. महामंडळाचे नियम १९६२ चे, तेव्हा १४ होते. १९७२ मध्ये आणखी ४ आले, ते धरून १८. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'पांच' असं उच्चारात नसलेलं टिंब देणं हेच शुद्ध होतं. 'कवि', 'बुद्धि', 'गुरु' हेच शुद्ध होतं. नियम बदलले आणि ते 'कवी', 'बुद्धी', 'गुरू' झाले, पण समासात मूळ रूप राहिलं: कविवर्य, बुद्धिबळ, वसतिगृह. म्हणून गावोगावच्या पाट्यांवर 'वसतीगृह' दिसतं. आणि त्याच्याही मागे जायचं तर मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच नव्हता, वेलांटी दीर्घ आणि उकार ऱ्हस्व, मिटलं. पेशवाईचा कारभार त्यावर चालला.

चिंचोका

ऱ्हस्व की ह्रस्व? आधी हे ठरवा, मग पोरांना शिकवा.

नीरक्षीर

मूळ संस्कृत 'ह्रस्व'. मराठी तोंडाला 'ऱ्हस्व' सोपं. छापील मजकुरात दोन्ही दिसतात. ज्या शब्दाने नियम सांगायचा तोच शब्द कसा लिहायचा यावर एकमत नाही, आणि म्हणूनच मला खडूताईंचं 'पहिली-दुसरी' आवडतं.

पाटी_कोरी

मग मोडीसारखं एकदाचं करून का टाकत नाही? वेलांटी एक, उकार एक. अर्ध्या चुका जागच्या जागी खलास. 'दिन' आणि 'दीन' यांत गोंधळ होईल म्हणतात. संदर्भाने कळत नाही का? 'कर' म्हणजे हात, टॅक्स की 'काम कर', ते कसं कळतं?

शाईचे_डाग

पाटी_कोरी, तत्त्वतः विरोध नाही. पण आजवर छापलेलं सगळं वाचायचं तर जुनी पद्धत डोळ्यांना ओळखीची लागणारच. शिवाय उद्या शासनाने तसं ठरवलं तरी आजच्या चौथीतल्या मुलाला दहावीपर्यंत सध्याच्याच नियमांवर गुण मिळणार. दहावीच्या कृतिपत्रिकेत लेखननियमांचा प्रश्न असतोच.

त्या प्रश्नाबद्दलच लिहायला आलो होतो. मी मुद्रितशोधक, तीस वर्षं हेच काम. 'चार पर्यायांतून अचूक शब्द ओळखा' हा प्रकार कोणाच्या डोक्यातून निघाला माहीत नाही, पण सरावासाठी तो घातक आहे. मुलाला एक बरोबर रूप दाखवताना तीन चुकीची दाखवता. माझा स्वतःचा अनुभव सांगतो: सलग दोन दिवस कच्च्या मजकुरात 'निर्मीती' बघितलं की तिसऱ्या दिवशी 'निर्मिती' लिहिताना माझा हात थबकतो. डोळ्याला जे वारंवार दिसतं ते ओळखीचं होतं, आणि ओळखीचं ते बरोबर वाटायला लागतं. मुलांना चुकीची रूपं दाखवूच नका. शब्द बघायचा, झाकायचा, मनाने लिहायचा, मग उघडून ताडून बघायचा. शाळेने दिलेल्या त्याच पानात एवढा बदल केला तरी पुष्कळ.

दुसरं, माझ्या टेबलावर कोश उघडाच असतो. तीस वर्षांनंतरही. मला शंका आली की मी बघतो, यालाच पगार मिळतो. मुलांना मात्र आपण शंका आली की गप्प बसायला किंवा ठोकून द्यायला शिकवतो. चौथीच्या वर्गात एक कोश मुलांच्या हाताला येईल असा ठेवा, कपाटात कुलपाखाली नको. त्यात शब्द शोधायला वर्णमालेचा क्रम लागतो, तोही आपोआप पक्का होतो.

(धागाकर्तीच्या लेबलाबद्दल: 'ध्द' ही जुनी दुखरी नस. द्-ला ध जोडायचा, द्ध. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या कागदांवर ते सर्रास उलटं दिसायचं आणि बघून बघून लोकांच्या हातात तेच बसलं. वर म्हटलंच, डोळ्याला सवय लागते.)

तापीकाठी

मी एरवी नुसता वाचतो. आज लिहितो.

आमच्या घरी अहिराणी. तिसरीत असताना गुरुजींनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला. मला वाटलं चांगला आहे म्हणून. 'पानी' या शब्दावर ते थांबले, पुन्हा वाचला, आणि वर्ग हसला. हसणारी निम्मी पोरं घरी 'पानी'च म्हणत होती.

त्यानंतर मी काय केलं? 'पाणी' शिकलो नाही. तो शब्द लिहिणंच सोडलं. सातवीपर्यंत माझ्या निबंधांत कोणी पाणी पीत नव्हतं, सगळे जल प्राशन करत. गुरुजी खूश होते, मुलाची भाषा सुधारली म्हणून.

वर खडूताईंनी न-णचा वेगळा गट केला ते बरं वाटलं. दूध-दुधात तोंडाने म्हणून कळतं, मान्य. पण ज्याच्या घरात ण नाहीच, त्याला 'ऐक आणि लिही' सांगून काय उपयोग? तो बरोबर ऐकतोय, आणि त्याच्या घरच्या भाषेप्रमाणे बरोबर लिहितोय. त्याला सांगायला हवं की तुझ्या घरी 'पानी', ते चूक नाही. पुस्तकात 'पाणी' लिहायची पद्धत आहे, ती शिकून घे. दोन्ही तुझी. एवढं एक वाक्य कोणी म्हणालं असतं तर चार वर्षांचं जल वाचलं असतं.

म्हणून मला 'शुद्धलेखन' हा शब्दच खटकतो. शुद्ध म्हटलं की उरलेलं अशुद्ध झालं. 'प्रमाणलेखन' म्हणा, 'लेखननियम' म्हणा.

खडूची_भुकटी

तापीकाठी दादा, तुमचा प्रतिसाद वाचून जरा वेळ काहीच लिहिता आलं नाही. मीही मुलांचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलेलं आहे. हसण्यासाठी नाही, 'बघा हं, इथे काय चुकलं' म्हणून. पण वर्ग हसतोच, आणि मी हसू दिलंय.

न-णसाठी आता आम्ही शब्दांची कुटुंबं करतो. एका 'पाणी'बरोबर पाणथळ, पाणवठा, पाणपोई. 'कोण'बरोबर कोणी, कोणता, कोणाला. एक ओळखीचा झाला की बाकीचे त्याच्या मागे येतात. घरी काय म्हणता तेही शेजारी लिहायचं. एक मुलगा तर घरून आजीचे शब्द गोळा करून आणतो, तो रकाना आता पुस्तकातल्या रकान्यापेक्षा लांब झालाय.

तिरकस_तात्या

तापीकाठी, वाचलं. पट्टीबद्दल वर जे लिहिलं ते मागे घेतो. पन्नासदा लिहिण्याबद्दल अजून विचार करतोय.

सातासमुद्रापार

इथे अमेरिकेत रविवारची मराठी शाळा भरते, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची, तिथे मी हौशी शिक्षिका. आमच्या मुलांची गोष्ट उलटी आहे. इंग्रजीत 'शिप' आणि 'शीप' असा अर्थबदल त्यांना लहानपणापासून माहीत, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी विचारतात, पाण्यातली वेलांटी बदलली तर अर्थ काय होईल? 'पाणि' म्हणजे हात, असं सांगितलं तर त्यांना फार आवडलं, पण तो हात मराठीत फक्त पाणिग्रहणात सापडतो हे सांगताना माझीच पंचाईत. स्वयंपाकघराची युक्ती पुढच्या रविवारी करून बघते. तूप आणि गूळ इथल्याही घरांत आहे.

मांडवीचो

गोंयांतल्यान. आमच्याकडे मराठी शाळेतलं पोर कोंकणीही शिकतं, दोन्ही देवनागरीत. कोंकणीच्या वहीत 'आनी', मराठीच्या वहीत 'आणि'. माझा भाचा दोन्ही वह्यांत 'आणी' लिहितो. म्हणतो, मधला मार्ग.

चिंचोका

या भाच्याला महामंडळावर घ्या.

दोन_टिंबं

आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात सहावीत. २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीचं झालं म्हणून शिकतोय. त्याला 'पहिली वेलांटी' म्हटलं तर विचारतो, अक्षराच्या आधी काढायची तर आधी का बोलत नाही? 'कि'मध्ये वेलांटी डावीकडे आणि आवाज नंतर. चाळीस वर्षं मराठी लिहितेय, पण हे कधी विचित्र वाटलं नव्हतं. इथे काही मदत नको, नुसतं सांगावंसं वाटलं.

ओसरी (धागाकर्ती), पुढच्या शनिवारी

गावाहून परत आलो. सगळ्यांना एकत्रच लिहिते.

खडूताईंचा प्रतिसाद प्रवासातच वाचला होता. गावी सासूबाईंची चूल अजून पेटते, त्यामुळे मनाने स्वयंपाकघरात जायची गरज पडली नाही. लेक पाटावर बसली, सासूबाई अनारसे तळत होत्या. मी म्हटलं, तूप. ती म्हणाली, तुपात. गूळ, गुळाची. पीठ, पिठाची. थोड्या वेळाने तिलाच चटक लागली. ऊन – उन्हात, भूक – भुकेने, सून – सुनेला. हे शेवटचं सासूबाईंनी सुचवलं, माझ्याकडे बघून. मग 'जीव' आला आणि अडलं. 'जिवाला' की 'जीवाला'? सासूबाई म्हणाल्या, तुम्ही दोघी जिवाला घोर लावणार माझ्या, अनारसे जळतायत.

सासूबाई चौथी शिकलेल्या, ऐंशीच्या घरात. डब्यांवर त्यांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत. एका डब्यावर 'कांहीं नाहीं' असं लिहिलंय, म्हणजे रिकामा. लेकीने लगेच बोट ठेवलं: आजी, चूक. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी बरोबर होतं." मी नीरक्षीर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. १९६२ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग माझी शाळा सुटल्यावर बदललं, मला कोणी कळवलं नाही. टिंबं तशीच राहिली.

शाळेच्या वहीत दहाव्या पानापर्यंत उतारे आहेत. अकराव्यापासून तिने जोड्या लिहिल्यात, दोन रकाने आखून. वीस पानं भरली. ती चालतील का, माहीत नाही.

काल घरी आल्यावर दाराला नवी चिठ्ठी लागली:

'काका, उद्यापासून दूध द्या. आम्ही आलो. सोमवारी पुजेला एक लिटर जास्त.'

खडूची_भुकटी

'पुजेला' जपून ठेवा. ती चूक मला 'दुध'पेक्षा कितीतरी आवडली. तिने शेपटाचा नियम लावलाय, तोही न सांगता. 'पूजा' पाहुणी आहे एवढंच तिला माहीत नव्हतं. आज सांगा, दाराशी बोलावून.

शाईचे_डाग

'जीव'बद्दल: प्राण या अर्थाने मराठीत पुरता रुळलाय, म्हणून 'जिवाला घोर', 'जिवाभावाचा'. सासूबाई बरोबर बोलल्या.

चिंचोका

आणि लेबलाचं काय झालं? ते 'शुध्द'?

ओसरी

ते तिचं तिलाच दिसलं, मी काही बोलले नव्हते. 'ध्द'भोवती लाल स्केचपेनने गोल केलाय आणि बाजूला बाईंसारख्याच तिरप्या अक्षरात लिहिलंय, '५ वेळा लिहा'. खाली सही करायलाही जागा सोडली आहे.

वही सोमवारी तपासायला जायची आहे. मी ते खोडलेलं नाही.